तर

नव्या पोरांना शिकवताना मी फळ्यावर खाडी काढते.
जैतापूरची. वळण जरा चुकतं, चालतं.
काठाला तीन होड्या : हे कंटेनर.
आणि अलीकडून पलीकडे एक तुटक रेघ :
ही सर्व्हिस.
आमच्याकडे हिला तर म्हणतात.

होडीला लाकूड असतं, ते कुजतं.
इंजिन खोकतं, डिझेल संपतं,
एखादी ओहोटीला गाळात रुतून बसते.
तरीला यातलं काही नसतं.
असते फक्त एक जागा,
जिथं उभं राहून हाक मारायची.

दाऊद सोलकरच्या होड्या : 'नूरी', 'सलामत',
आणि तिसरी निनावी, कारण तिच्या वेळेला रंग संपला.
'सलामत'ची फळी निखळली त्या दिवशी
नर्सबाई पलीकडे उभ्या होत्या,
लशींचा डबा खांद्याला.
त्यांनी 'सलामत'चं नाव नाही घेतलं.
ओरडल्या, "तर हाय काऽऽय?"
आणि निनावी होडी गेली,
डब्यातला बर्फ पाणी व्हायच्या आत.

एक पोरगा विचारतो,
म्हणजे कंटेनर मेला तर कुणाला कळतच नाही?
नाही कळत. तेच तर काम आपलं.
दाऊदचाचाला कळलं होतं,
आठवडाभर तो त्या फटीत राळ आणि कापूस ठासत होता,
जेवायलासुद्धा घरी गेला नाही,
हे मी फळ्यावर काढत नाही.

गेल्या माघात पूल झाला.

परवा रात्री दोनला मी एक जुनी सर्व्हिस काढून टाकली.
एका ओळीचा हुकूम. भिंतीवरची पाल चुकचुकली तेवढाच आवाज.
मागचे तीन कंटेनर मात्र चालूच होते,
दिवे हिरवे, तक्रार शून्य,
मेमरी खात, दर दहा सेकंदांनी सांगत
मी ठीक आहे, मी ठीक आहे,
आणि विचारणारं कुणी नाही.
ते बंद करायचे राहिले. सकाळी करू म्हटलं.

सकाळी धक्क्यावर गेले.
तिन्ही होड्या बांधलेल्या,
फळ्या टणक, टाक्या भरलेल्या.
वरून पुलावरून एस्टी गेली.
चाचा एकेक इंजिन चालवून बघत होता,
दहा-दहा मिनिटं, रोजच्यासारखं.
कशाला, मी विचारलं.

त्यानं फडक्याला हात पुसले,
पलीकडच्या रिकाम्या काठाकडे बघितलं
आणि म्हणाला,
"कुणी हाक मारली तर."