येते

ताम्हाण्यांनी जुडगा माझ्या हातात ठेवला तेव्हा
त्यांच्या मुठीची ऊब पितळेत होती अजून.
पाच किल्ल्या. ही एक कशाचीच नाही, म्हणाले,
पण काढू नका, असू दे.

ते दोघं सतरा दिवस व्हिएतनामला,
मी चेंबूरला, चौथ्या मजल्यावर.
माझाही प्रवासच म्हणायचा:
एक बॅग, गोळ्यांची डबी, स्वतःची उशी.
टेलिफोन खात्यातून अठ्ठावन्नाला सुटले.
डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आता पाळणा आला.
कुणी काही म्हणालं नाही.
मीच म्हणाले, जरा बाहेर राहून बघते,
लोकांना घर राखायला माणूस लागतं म्हणे.

खाली रखवालदाराने वही पुढे सरकवली.
नाव: कुंदा बागवे. फ्लॅट: चारशे तीन.
नातं:
पेन थांबलं. मागे कुरिअरवाला खोकला.
मी एक आडवी रेघ मारली.

वर ताम्हाणेबाईंची वही, फ्रिजवर:
गिझरचा दिवा लागत नाही, तरी गिझर चालू असतो.
कढीलिंबाला शनिवारी ताकाचं पाणी.
कबुतरांना दयामाया नको.
काकवीची गोळी केळ्यातून. आधी नुसतं केळं, मग गोळीचं,
मग पुन्हा नुसतं. तिला मोजता येतं.
काही झालंच, तर परळचा नंबर शेवटच्या पानावर.
निळी चादर तिची आहे. तीच घ्या.
आणि एक, खाली दोन रेघा ओढून:
तिच्यासमोर ‘येतो’ म्हणू नका. कळतं तिला.

काकवी. तेरा वर्षांची, काकवीच्याच रंगाची,
तोंड तेवढं पांढरं झालेलं, मागचा डावा पाय ओढत चालणारी.
पहिल्या रात्री दाराला नाक लावून बसली.
लिफ्ट तिसऱ्यावर थांबली की ढिम्म.
चौथ्यावर थांबली की कान ताठ,
मग शेजारच्यांचं कुलूप वाजायचं,
आणि एक एक करून कान खाली.
कोंबडीभात तसाच. दूध तसंच.
मी परक्या सोफ्याच्या काठावर,
मागे न टेकता.
एकतीस वर्षं माणसांना म्हणत आले, होल्ड करा,
आणि ते करायचे. हिला काय सांगू?

तिसऱ्या रात्री ताट घेऊन मीच खाली बसले,
तिच्या शेजारी, पाठ दाराला.
पोळी करपली होती एका कडेला.
तेवढीच कड तिने घेतली,
माझ्याकडे न बघता, उपकार केल्यासारखी.

मग सुचलं मला.
जाते म्हणू नये, अभद्र असतं,
म्हणून आपण सगळेच उंबऱ्यावर येते म्हणतो.
तेरा वर्षं ती ऐकत आली: येतो,
आणि दार लागलं. येते, आणि दार लागलं.
आपण शब्द वळवला होता,
तिने दाराकडे बघून अर्थ लावला.
डोंबिवलीहून निघताना मीही म्हणालेच होते, येते गं.
सून चांगली आहे. म्हणाली,
सावकाश या, आई.

नंतरचे दिवस बरे गेले.
बागेतली पोरं मला काकवीची मावशी म्हणू लागली,
कढीलिंबाला दोन नवे फुटवे आले,
सोफ्याला पाठ कधी टेकली ते आठवत नाही.

सतराव्या संध्याकाळी लिफ्ट थांबायच्या आधीच
ती तीन पायांवर नाचायला लागली.
बॅगा, हसणं, लाकडी चमच्यांचा एक जोड माझ्यासाठी.
मी पाचही किल्ल्या मोजून दिल्या.
सोमवारपासून मुलुंड, दोन मांजरं आणि माशांची टाकी.

उंबऱ्यावर शब्द अगदी दातांपर्यंत आला.
गिळला.
तिने माझ्या काखेतल्या उशीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे. शेपूट थांबली.
हिला उशीसुद्धा कळते,
हे वहीत लिहायचं राहिलं होतं.

लिफ्टचं दार ओढलं. वरून काही आवाज आला नाही.
तिसऱ्यावर कुणी तरी थांबवली.
माझे कान उगाच ताठ झाले.