एकट्याचा भात

हळद पेठेमागे, चौगुलेकाकूंच्या गच्चीवर
रेवणला खोली मिळाली.
करारात 'कायमचा पत्ता'.
त्यानं मिरज स्टेशन लिहिलं, खोडलं,
माझ्याकडे पाहिलं.
मी पंख्याकडे.

रात्री फोन:
"ताई, एकट्याला तांदूळ किती?"
वसतिगृहात चाळीस पोरांचा अंदाज
मुठीतच असायचा त्याच्या.
एकाचा मलाही सांगता येईना.
"वाटीभर," म्हटलं, "जरा कमीच."

रविवारी गेले.
चपला अजून उशाखाली,
प्लॅटफॉर्मवरची सवय.
नव्या कुलपाची किल्ली गळ्यात, शर्टाच्या आत.
स्टोव्हवर पातेलं काठोकाठ.
"इतका भात?"
हळदीनं पिवळी झालेली नखं चोळत
म्हणाला, "कुणी आलं तर?"

ताट एकच होतं.
ते त्यानं मला दिलं
आणि स्वतः झाकणात वाढून घेतलं,
कुणाला न विचारता.