चौथं चाक

अर्वाइखीरच्या वेशीवर माझं टायरचं दुकान.
पत्र्याची शेड, आत कोळशाची शेगडी,
बाहेर उणे पस्तीस.
नोव्हेंबर सरता सरता सकाळपासून रांग लागते
आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं तेच:
त्सेवेल्मा, रात्रीत कुणीतरी हवा काढली.

कुणी काढत नाही.
असल्या थंडीत चोरसुद्धा पांघरुणाबाहेर पाय काढत नाही.
हवा आतच असते, अंग चोरून बसलेली.
नमद्याच्या गेरमध्ये नाही का
रात्र चढते तसे सगळे शेगडीकडे सरकतात
आणि दाराजवळची जागा ओस पडते.
माणसं तेवढीच. भिंतींना मात्र कुणी टेकत नाही.

शेडमध्ये ऊब असते, पंधरा अंश.
तिथे बत्तीस भरून गाडी बाहेर उभी केली
तर दुपारच्या आत काटा चोवीसवर.
म्हणून मी एक्केचाळीस भरते.
वरचे नऊ म्हणजे थंडीचा हप्ता.
नवे ड्रायव्हर घाबरतात, टायर फुटेल म्हणतात.
जुने गप्प बसून चहात मीठ ढवळतात.

चोइजाम्त्स जुन्यांतलाच, तरी दर आठवड्याला यायचा.
त्याची गाडी जपानची, कितव्या हातची कोण जाणे,
समोरच्या पडद्यावरचं एक अक्षर कुणाला वाचता येत नाही.
पण पिवळा दिवा त्याला कळायचा,
फुटक्या वाटीत उभं उद्गारचिन्ह.
"वाटी पेटली गं," म्हणत दारातूनच यायचा.
मी अंगणातच चारी चाकांना मापक लावायची.
व्हॉल्व्हवर थुंकून बुडबुडा बघायची रीत आहे,
पण इथे बुडबुड्याआधी थुंकीचा खडा होतो.

त्याची दुलमा सप्टेंबरात कोरियाला गेली,
मासे डब्यात भरायच्या कारखान्यात.
चहा पिताना तो मोबाईल शेगडीशी धरून बसायचा,
पाखराचं पिल्लू धरावं तसा.
"थंडीनं बॅटरी मरते ना?"
"मरते की."
"म्हणूनच लागत नसेल."
मी कोळसे सारखे करायची.
"आणि ते मागचं डावं चाक, जरा जास्तच बसतंय?"
"थंडीच रे. सावलीत उभी करतोस गाडी."

एवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं.
खरं सांगायचं तर माझंही.
थंडीवर काहीही ढकललं तरी ती उलटून बोलत नाही.

एप्रिलमध्ये वारा सुटला, धुळीचा, पिवळा.
आता सगळे हवा कमी करायला येऊ लागले,
दिवसभर अंगणात नुसतं फुस्स, फुस्स,
हिवाळाभर साठवलेले हप्ते परत जात होते.
चोइजाम्त्सच्या गाडीला मापक लावलं:
एकोणचाळीस. चाळीस. एकोणचाळीस.
मागचं डावं, अठरा.

पुन्हा लावलं. अठराच.

चाक काढून टबात बुडवलं.
पाणी आता पाणीच राहत होतं.
एक बुडबुडा, मग बराच वेळ काही नाही,
मग दुसरा.
घोड्याच्या नालेचा खिळा होता, बारीक,
डोकं रस्त्यावर घासून घासून नाण्यासारखं गुळगुळीत,
आतली बाजू गंजून तपकिरी.

"कधीचा असेल?"
मला माहीत होतं. पहिल्या बर्फाच्या आधीचा.
"असेल बराच दिवसांचा," मी म्हटलं
आणि पक्कड उगाचच पुसत बसले.

ठिगळाचे पैसे घेतले नाहीत. त्यानेही आग्रह केला नाही.
खिळा मात्र मागून घेतला,
चिंधीत गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.
मग शेडमध्ये येऊन नेहमीच्या जागी टेकला.
शेगडी विझलेली होती.
मी थर्मासमधला चहा ओतला.
तो सावकाश प्यायला, दोन वाट्या.
मोबाईल खिशातच होता.
बाहेर काढला नाही.