एक पुठ्ठा गळालाय

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे दोन.
पत्र्याखाली बेचाळीस डिग्री आणि अठ्ठावीस माग.
कोपऱ्यात काचेची खोली, खोलीत एक्सपी:
हिरवी टेकडी, निळं आभाळ.
मे महिन्यात सोलापुरात असलं हिरवं
मी फक्त याच पडद्यावर बघतो.

विरेशम कोंडा, वय अडुसष्ट,
सदऱ्याच्या खिशात सूत कापायची कात्री.
"नवा प्रोग्राम बसंना ओ.
पोरगं पुण्यातनं सांगतंय, मशिनच फेका."
फेकता येत नाही.
टॉवेलची नक्षी मागापर्यंत नेणारा डबा
मागच्या रुंद पोर्टालाच जोडतो,
आणि नव्या कॉम्प्युटरला ते तोंडच नाही.

सीडी घातली. घरघर. नव्वद टक्के, मग खिडकी:
अमुक फाईल सापडली नाही.
पुन्हा. नव्वद टक्के. तीच खिडकी.
अँटीव्हायरस काढला, टेम्प झाडून घेतला,
सेफ मोडमध्ये जाऊन आलो,
शनिवारी मारुतीला जावं तसा,
दुसरं काही सुचत नाही म्हणून.

"काय म्हणलालंय ते?"
एक फाईल नाही म्हणतंय, मी म्हटलं. एवढीशी.
पण बाकीचे सगळे तिला विचारूनच पुढं सरकतात.
"मग पुठ्ठा गळालाय म्हणा की."
कपाटामागून त्यांनी ओढून काढली
जकार्डची जुनी माळ,
दोरीत ओवलेले पुठ्ठे, भोकंच भोकं.
"ह्यातला एक गेला की मोराची मान तुटती.
मोर सांगत नाही कुठला गेला.
आपणच मोजायचं."

मोजलं.
सर्व्हिस पॅक दोन. लागत होता तीन.
पेनड्राइव्हवर होता; चढवायला तास गेला.
तो चढला तोच लाईट गेली,
यूपीएस चार मिनिटं ओरडून मेला.
माग एकदम थांबले,
खटखट माझ्या कानात चालूच राहिली.

लाईट आल्यावर आता नवीनच तक्रार.
घड्याळ बघितलं: एक जानेवारी, दोन हजार दोन.
आतला सेल संपलेला.
प्रोग्राम दहा वर्षांनी जन्मणार होता,
आज कसा बसेल?
घड्याळवाल्याकडून तीस रुपयांचा सेल आणवला.
तारीख टाकायला लागलो तर म्हणाले, "थांबा."
पडद्याजवळ वाकले.
"दोन साली साठ माग होते."
एवढंच. मग, "टाका."

शंभर टक्के भरले तेव्हा ते खोलीत नव्हते,
बाहेर कुणाचा तरी तुटलेला धागा सांधत होते.

मी फी सांगितली. निम्मी दिली
आणि वर दोन टॉवेल, काठाला सूत निसटलेले.
"सेकंडचा माल आहे," म्हणाले,
"पण पाणी झकास ओढतंय."