अडीच वाजता, वडगाव

लाईट गेलीय. गल्लीतले माग बंद.
तरी छातीत कुणीतरी
धोटा फेकतंय सटासट.

स्वप्न नव्हतं, कुत्रंही भुंकलं नव्हतं.
शरीरच एकटं दचकून उठलं
मला न विचारता.

आता शहाणी झालेय: ताडकन उठत नाही.
पाय उशीवर,
कोपरावर टेकून घोटभर मीठपाणी.
मनगटावर बोट ठेवायचं नाही
हेच सगळ्यात अवघड.

भिंतीपलीकडून नीलव्वा खोकते.
"मलगिल्लेन?"
"इल्लव्वा."
एवढंच.
तिला माझ्या आजाराचं नाव येत नाही,
मला तिच्या भाषेत तो सांगता येत नाही.
ती मात्र जागी राहते.

चारला लाईट येते.
तिच्याकडचा माग खडखडतो,
आतल्यापेक्षा मोठ्यानं,
आणि त्या आवाजात
मला झोप लागते.