चावी सापडत नाही

डर्बी स्टेशनच्या वळणावरच उमटली असणार,
मी पाहिली ती डफील्डला:
डॅशवर पिवळी अक्षरं,
चावी सापडत नाही.

एका हाताने खिसे चाचपले,
चाळीसच्या वेगात, हातमोज्यातून.
इनहेलर. पाकीट. लिमलेटची गोळी.
चावी वृंदाच्या कोटात,
वृंदा शेफील्डच्या गाडीत,
आणि त्या गाडीच्या खिडकीत आत्ता कदाचित
चेस्टरफील्डचा वाकडा मनोरा.

पंपावर मीच दिली होती.
पाकीट काढताना आधी हाताला लागली ती,
म्हटलं, धर जरा.
घाई होती, कारण या गाडीच्या टाकीला कुलूप आहे
पण कुलपाला भोक नाही.
इंजिन बंद केलं की थोडाच वेळ झाकण राजी असतं.
तेवढ्यात उचललं तर उचललं,
कुणाशी दोन शब्द बोललात
तर टक्.
पुन्हा चालू, पुन्हा बंद, पुन्हा मनधरणी.
वृंदा म्हणते, तुझ्या सुमित्राआत्यासारखी आहे ही,
पहिल्या हाकेला पाटावर बसलं नाही
की ताट उचलते.

चालू आहे तोवर गाडी काही विचारत नाही.
विझवली की म्हणेल, ओळख दाखव.
म्हणून बेल्परच्या सिग्नलला
वाऱ्यात काडी सांभाळावी तसं सांभाळलं इंजिन.
दुसरी चावी घरी, ड्रॉवरमध्ये.
घराची चावी पहिलीच्या कडीत.
हसू नका.

इचलकरंजीत अण्णांची राजदूत
चमच्याच्या दांड्यानेही सुरू व्हायची.
टाकीला कुलूप नव्हतंच.
रात्री कुणीतरी नळी घालून पेट्रोल ओढायचं,
आणि कोण ते अण्णांना ठाऊक होतं,
कारण सकाळी समोरच्या मागावरचा शफीक जॉबर
तोंड फिरवून बोलायचा.
अण्णा त्याला चिमूटभर बडीशेप द्यायचे.
बाकी काही नाही.
कुलूप त्यांनी शेवटपर्यंत बसवलं नाही.
मी विचारलं होतं एकदा, का.
म्हणाले, तो अर्धा लिटरच नेतो.

मॅटलॉक बाथला नदीकाठी
रविवारच्या गाड्या ओळीने उभ्या,
सगळ्या थंड, माझी एकटीच धडधडत.
मेसेज टाकला: स्टेशनवरच थांब.
क्लाइव्ह हॅलम जवळ आला,
सत्तरीचा, गळ्यात बुटाची नाडी, नाडीला चावी,
त्याच्या बीएसएची, पितळी, नखाएवढी.
सगळं ऐकून घेतलं. टाकीवर टकटक केली
जशी कलिंगडावर करतात.
म्हणाला, शेफील्डला पुरेल, डक.
(इथे सगळ्यांनाच बदक म्हणतात, प्रेमाने.
तेवीस वर्षं झाली, अजून मान वळते.)
बंद मात्र पडू देऊ नकोस.

मग चढ. मग धुकं.
मेंढ्या, दगडी कुंपणं, पेट्रोलचा पिवळा दिवा.
त्या पंचवीस मैलांत मला पहिल्यांदा वाटलं
की ही गाडी माझी नाहीच.
हिला माझा हात कळत नाही, वजन कळत नाही,
क्लच सोडताना मी धरतो तो श्वास कळत नाही.
हिला कळतं फक्त जवळ कोण आहे,
आणि तेही दोन हातांपर्यंत.
पण दोन हातांपलीकडचं
मला तरी कुठे कळतं?
वृंदाने स्टेशनवर उतरताना काहीतरी म्हटलं होतं.
हेल्मेटमधून मी मान हलवली होती.

शेफील्ड.
स्टेशनसमोर लांबलचक पोलादी भिंत,
भिंतीवरून पाणी ओघळतं,
आणि दुपारची पाळी चुकलेली माणसं असतात तशी
सगळीच माणसं.
मी हळू हळू चालवत शोधत होतो, तिचा निळा कोट,
तो दिसेना.
तेवढ्यात डॅशवरची अक्षरं विझली.

वळून पाहिलं तर मागे उभी,
चहाचे दोन कागदी पेले,
कोट खरं तर हिरवा.

मी इंजिन बंद केलं.
आता टाकीचं झाकण थोडा वेळ राजी होतं,
आणि जवळपास कुठे पंप नव्हता.
मी विचारलं, डर्बीला काय म्हणाली होतीस?
ती आठवू लागली.
टक्.