अपवादांची यादी

लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून घेऊन आल्या
पागनीस वहिनी,
दौलतगंजातल्या माझ्या दीड खणाच्या दुकानात,
आणि झाकण उघडायच्या आधीच मी तो ओळखला:
डाव्या बिजागरीपाशी माझंच स्टिकर,
तारखेसकट, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतलं.

त्या दिवशी साहेब आले होते. गजकाचा पुडा टेबलावर ठेवून
म्हणाले, तसं काही नाही हो, काळजी वाटते, बस.
मशीन माझं आहे, बिल माझ्या नावावर आहे.
खरंच होतं. बिल त्यांच्या नावावर होतं.
बोटं कुणाची, ते बिलावर नसतं.

पाचशे रुपयांत बसवून दिलं मी:
प्रत्येक कळ टिपणारं, कुठेच न दिसणारं,
रात्री दहाला सगळं त्यांच्या मेलवर पाठवणारं.
अँटिव्हायरस तेव्हाही ओरडला होता.
मी त्याला समजावलं. म्हणजे, तशी सोय असते:
अपवादांची यादी. तिच्यात फाइलचं नाव घालायचं,
की राखणदार तेवढ्या खोलीपुरता आंधळा होतो.

चहावर वाद व्हायचे आमचे.
भदौरिया म्हणायचा, चोरानं टाकलेलं काढावं,
मालकानं बसवलेलं का काढावं?
ऑफिसात बसवतात, मी माझ्या पोरासाठी बसवलंय,
घरमालकाचं कुलूप चौकीदारानं तोडायचं का?
मी मान डोलवायचो.
आतल्या माणसाला जे दिसतच नाही ते कुलूप कसलं,
एवढं सुचायला मला दोन वर्षं लागली.

आई शिंदे की छावणीत टायपिंगचा क्लास चालवायची.
मुलींकडे पाठ करून खिडकीशी उभी राहायची
आणि तिथूनच सांगायची: तिसरं मशीन, जागा सोडायची राहिली.
दुसऱ्याचं अर्धं लिहिलेलं बघू नये, म्हणायची,
ऐकू येतं तेवढं पुरे.
कार्बनच्या वापरलेल्या फिती ती स्वतः बंबात घालायची,
कारण फितीवर अक्षरं राहतात:
अर्ज, राजीनामे, कुणाचं तरी मामाला लिहिलेलं पत्र.

मी मात्र फाइल उघडली होती. एकदाच.
चालतंय का, ते तपासायला.
आई तू कशी आहेस मला इथे
मागे मागे मागे मागे
मला इथे फार
मागे मागे मागे
सगळं ठीक.
पाठवलेलं होतं फक्त शेवटचं.
खोडलेलं सगळं जसंच्या तसं साहेबांकडे गेलं होतं.

तर काल मी ती यादी रिकामी केली, स्कॅन लावला,
आणि पडदा वहिनींकडे वळवला.
भेकड माणसाला यंत्राच्या तोंडून बोलता येतं,
ही या धंद्याची सोय.
एकोणतीस टक्क्यांवर लाल पट्टी आली:
बहुधा नको असलेला प्रोग्राम.
कुणाला नको, ते लिहीत नाहीत.
खाली दोन बटणं. काढा. राहू द्या.

हे काय आहे, त्यांनी विचारलं.
मी सांगितलं. कुणी बसवलं, तेही. दोन्ही नावं.
साहेबांचं आधी सांगितलं, हेही खरं.

बाहेर एक टेम्पो बराच वेळ हॉर्न देत राहिला.
मग त्या म्हणाल्या, काढलं तर त्यांना कळेल?
आज दहाला मेल जाणार नाही, म्हटलं. कळेल.
तोवर मला वाटत होतं
की दोन बटणांतलं एक उघडच शहाणं आहे.

त्यांनी मांडीवरची पर्स खाली ठेवली,
लॅपटॉप ओढून घेतला, कोरं पान उघडलं.
मी पाठ केली. फळीवरचे माउस मोजत राहिलो.
पण कान आईचे आहेत:
लांब पट्टीचा आवाज जाड, एंटरचा कोरडा,
आणि वरच्या कोपऱ्यातली ती खोडायची कळ
नखानं टिचकी मारल्यासारखी.

चार ओळी असाव्यात. पाच.
कोपऱ्यातली कळ एकदाही वाजली नाही.
दहा वाजायला सव्वातीन तास होते.